डब्याचं दुसरं भोक

सकाळी सव्वासातला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये अकरा गाड्या आ वासून उभ्या होत्या. प्रत्येकीच्या मागच्या बाजूची छोटी झडप उघडी, टाकीचं झाकण काढून टपावर ठेवलेलं, आणि मधून काका मोबाइलवर वेळ लावून फेऱ्या घालत होते. दहावीच्या परीक्षेला सुपरवायझर घालतो तशा. काका हे सोसायटीत कुणाचेच सख्खे काका नाहीत. निवृत्तीनंतर ज्या माणसाकडे गच्चीची किल्ली जाते तो आमच्याकडे आपोआप काका होतो.

“तुमचीच राहिली,” मला बघून ते म्हणाले.

“काय राहिली?”

“गाडी. गॅस सोडायचाय. ग्रुपवर टाकलं होतं काल रात्री. तुम्ही वाचत नाही.”

वाचलं होतं. तो संदेश आमच्याकडे दरवर्षी हापूसच्या पहिल्या पेटीबरोबर येतो. ऊन वाढतंय, टाकी काठोकाठ भरू नका, अर्धीच भरा, बाकीची जागा हवेला ठेवा, टाकी पूर्ण भरल्यामुळे ‘या आठवड्यात’ पाच स्फोट झालेत, दिवसातून एकदा झाकण उघडून आत साचलेला गॅस बाहेर जाऊ द्या. खाली इंडियन ऑइलचं नाव. आपण असं काहीही सांगितलेलं नाही, टाक्या बनवतानाच उन्हाचा हिशेब धरलेला असतो, उन्हाळा असो की हिवाळा, गाडी बनवणाऱ्यानं दिलेल्या मर्यादेपर्यंत पेट्रोल खुशाल भरा, असा खुलासा इंडियन ऑइलनं एकदा नव्हे, अनेकदा केलाय. पण अफवेला जे पाय असतात ते खुलाशाला नसतात. शिवाय संदेशातला ‘हा आठवडा’ कित्येक वर्षं झाली तरी संपलेला नाही. मी तो खुलासा काकांना रात्रीच पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं, “नाकारतायत ना? म्हणजे आहे काहीतरी.”

आमची इमारत कोथरूडची, पंचवीस वर्षांपूर्वीची. खाली खांबांवरचं पार्किंग. त्याच पार्किंगच्या भिंतीला सगळ्या फ्लॅटचे विजेचे मीटर, मीटरशेजारी पाण्याच्या पंपाचा स्टार्टर, स्टार्टरखाली गणपतीची टाइल, आणि टाइलसमोर वॉचमननं भक्तिभावानं लावलेली उदबत्ती. त्या उदबत्तीपासून चार हातांवर अकरा टाक्या उघड्या. केवड्याच्या वासात पेट्रोलचा वास मिसळून पार्किंगभर एक वेगळंच वातावरण झालं होतं.

मला गाड्यांतलं काही कळत नाही. आयुष्य बँकेत गेलं. बॉनेट उघडलं की मी आत ज्या नजरेनं बघतो, त्या नजरेनं लोक आधुनिक चित्रं बघतात. पण टाकीच्या श्वासोच्छ्वासाबद्दल मात्र मला काकांपेक्षा जास्त कळतं, आणि ते कळलं १९८३ च्या मे महिन्यात, शिरवळला, आईमुळे.

वडिलांनी तेव्हा सेकंडहँड फियाट घेतली होती. पेट्रोलचोरीच्या भीतीनं तिच्या टाकीला कुलपाचं झाकण हवं असं त्यांनी ठरवलं आणि रविवारी जुन्या बाजारात जाऊन ते घेऊन आले. जुन्या बाजाराची एक गंमत असते. तिथे तुम्हाला हवी असलेली वस्तू मिळत नाही, तिच्यासारखी दिसणारी मिळते. झाकण चपखल बसलं. इतकं चपखल की वडिलांनी आम्हा सगळ्यांना खाली बोलावून ते लावून आणि काढून दाखवलं. जुन्या झाकणाला मध्ये एक बारीक भोक होतं. त्यातून पेट्रोल उडून जातं अशी वडिलांची तक्रार होतीच. नव्याला तसलं काही नव्हतं.

पुढच्याच आठवड्यात साताऱ्याला चुलत बहिणीचं लग्न. गाडीत वडील, आई, काकू, आत्या, मी आणि वडिलांचे मावसभाऊ अण्णा, ज्यांना गाड्यांतलं सगळं कळायचं. कात्रजचा घाट अर्धा चढलो आणि गाडीनं दोन आचके दिले, खोकली, आणि बंद पडली.

वडील म्हणाले, “व्हेपर लॉक.” त्या काळी घाटात बंद पडलेल्या प्रत्येक गाडीला व्हेपर लॉक झालेला असायचा. उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला ती ओढता येत नाही, असा तो प्रकार. आणि तो खोटा नव्हता. घाटाघाटांत फियाटी आणि अँबॅसिडर बॉनेट वर करून, पेट्रोलपंपावर ओल्या फडक्याची घडी ठेवून, ताप आलेल्या पोरासारख्या उभ्या असायच्या. वडिलांनी लग्नात नेसायच्या सोवळ्याचा पंचा भिजवला आणि पंपावर ठेवला. पंधरा मिनिटांनी चावी फिरवली. गाडी चालू. वडिलांनी आरशातून सगळ्यांकडे पाहिलं.

बोगदा ओलांडून उतरलो आणि खेड शिवापूरच्या आसपास पुन्हा आचके. या वेळी अण्णा उतरले. त्यांनी प्लग काढले, फुंकले, मुलीचं तोंड पुसावं तसे पुसले, परत बसवले. पंधरा मिनिटं. गाडी चालू. “कार्बन होता,” अण्णा म्हणाले. वडील काही बोलले नाहीत, पण पंचा तसाच राहू दिला.

तिसऱ्यांदा आत्यानं उदी लावली. दर्शनी काचेला आतून. पंधरा मिनिटं जप केला. गाडी चालू. आता गाडीत तीन पंथ झाले.

यातलं मर्म आम्हाला तेव्हा कळलं नव्हतं, ते असं. टाकीतून पेट्रोल जेवढं बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी. भोक बंद, तर हवा येणार कुठून? आत पोकळी तयार होते, ती पेट्रोल मागे ओढून धरते, पंप दमतो, गाडी थांबते. मग तुम्ही पंधरा मिनिटं काहीही करा, पंचा ठेवा, प्लग पुसा, जप करा. तेवढ्या वेळात कुठल्यातरी फटीतून थोडी थोडी हवा आत झिरपते आणि गाडी आणखी दहा-बारा किलोमीटरांची सोय करून घेते. श्रेय ज्याच्या पाळीत गाडी चालू झाली त्याला. पुढे बँकेत तीन मॅनेजर बदललेले पाहिले तेव्हा मला ही फियाट फार आठवली.

शिरवळला चौथ्यांदा थांबलो ते एका खाणावळीसमोरच. पुरुषमंडळी बॉनेटमध्ये डोकी घालून उभी, बायका बाकावर. खाणावळवाला कढई भरायला तेलाचा पंधरा किलोचा नवा पत्र्याचा डबा फोडत होता. त्यानं एका कोपऱ्याला खिळा ठोकून भोक पाडलं, डबा कलता केला. तेल गुडूक गुडूक करत थोडं आलं आणि थांबलं. मग त्यानं समोरच्या कोपऱ्याला दुसरं भोक पाडलं. तेलाची सरळ धार लागली.

आई उठली. गाडीपाशी आली आणि वडिलांना म्हणाली, “अहो, तुमच्या त्या नव्या झाकणाला दुसरं भोक आहे का?”

“तेलाचा डबा आहे का तो?” अण्णा म्हणाले.

“मग काय आहे?” आई म्हणाली.

वडिलांनी, केवळ तिचं समाधान व्हावं म्हणून, कुलूप उघडून झाकण फिरवलं. टाकीनं जो श्वास घेतला! सुस्कारा बाहेर पडतो, हा आत गेला. सूंऽऽऽ करून, लांबलचक, विहिरीत बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखा. खाणावळवाल्याची धारसुद्धा हलली. गाडी पहिल्या चावीला चालू झाली, आणि आत्यानं काचेवरची उदी पदरानं हळूच पुसून टाकली.

शेजारच्या चांभाराकडून दाभण आणून वडिलांनी झाकण दगडावर धरलं आणि भोक पाडलं. पेट्रोलनं माखलेल्या लोखंडावर दगडानं घाव घालणं हा त्या प्रवासातला सगळ्यांत धोक्याचा प्रसंग होता हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा आम्ही सगळे कौतुकानं गोल करून बघत होतो. पुढे वडील हा किस्सा सांगत तेव्हा “मला घाटातच शंका आली होती” असं सुरुवातीला म्हणत. आई काही बोलत नसे. फोडणीत मोहरी जरा जोरात पडत असे, इतकंच.

तर सांगायचं असं की अकरा उघड्या टाक्या बघून मला शिरवळ आठवलं. आणि त्याच वेळी वॉचमन रोजच्याप्रमाणे साडेसातचा पंप लावायला स्टार्टरकडे निघालेला दिसला.

मी आयुष्यात इतका वेगानं धावलो नव्हतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर आकाशात जात नाही. जमिनीवरून सरपटत जाते, गटाराच्या जाळीत उतरते, खोलगट जागा बघून बसते, आणि ठिणगी कुठे भेटते याची वाट बघते. जुन्या स्टार्टरचा खटका पडताना आत निळी ठिणगी पडते, ती आम्ही सगळ्यांनी पाहिलीय. मी वॉचमनचा हात धरला, दुसऱ्या हातानं उदबत्ती उचलली आणि कुंपणाबाहेर पळालो. वरून पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी एवढंच पाहिलं की मी गणपतीपुढची उदबत्ती घेऊन पळतोय. तासाभरात ग्रुपवर दोन तक्रारी होत्या. एक पाणी न आल्याची आणि दुसरी धार्मिक भावनांची.

संध्याकाळी तातडीची सभा. पुण्यात एरवी सोसायटीच्या सभेला कोरम होत नाही, पण पाणी आलं नाही की होतो.

काकांचा मुद्दा बिनतोड होता. कुकरला शिट्टी असते, मग टाकीला का नको? शिट्टी दिली नाही तर कुकर फुटतो, हे आमच्या इमारतीत दोनदा सिद्ध झालंय.

मी म्हटलं, शिट्टी आहेच. तुमची गाडी चोवीस तास शिट्टी देतेय, आवाज न करता. आणि उपमा कुकरची घेऊ नका, प्राणायामाची घ्या. हे वाक्य मुद्दाम टाकलं, कारण काका रोज पहाटे गच्चीवर अनुलोम-विलोम करतात आणि त्याची वर्दी चौथ्या मजल्यापर्यंत पोचते.

हल्लीच्या पेट्रोल गाडीत टाकीच्या डोक्यावरून एक नळी निघते. ती एका डबीत जाते. त्या डबीत कोळसा असतो, पण शेगडीतला नव्हे. नारळाची करवंटी किंवा लाकूड यांपासून खास तयार केलेला, कणाकणाला इतकी सूक्ष्म छिद्रं असलेला की एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग हजार चौरस मीटरच्या घरात जातो. म्हणजे दहा हजार चौरस फुटांच्या वर. आणि हा शुद्ध कार्पेट एरिया, यात जिना, लॉबी आणि बिल्डरची कल्पनाशक्ती धरलेली नाही. हा आकडा ऐकून सभेत पहिल्यांदा शांतता पसरली.

उन्हानं पेट्रोल तापलं की वाफ होते. पेट्रोलमधले काही हलके घटक तिशी-पस्तिशीच्या अंशांतच उकळायला लागतात, म्हणजे एप्रिलमध्ये ज्या तापमानाला पुणेकर उकळतो, साधारण त्याच तापमानाला. ती वाफ नळीतून डबीत जाते आणि कोळशाला चिकटून बसते. हा कुंभक. इंजिन चालू होऊन गरम झालं की एक छोटा व्हॉल्व्ह उघडतो, बाहेरची ताजी हवा डबीतून ओढली जाते, चिकटलेली वाफ सुटते आणि इंजिनात जाऊन जळते. कालच्या उरलेल्या पोळ्या आज कुस्करून फोडणीला टाकाव्यात तसं. काही वाया जात नाही. पेट्रोल संपत जातं तशी हवा त्याच वाटेनं परत टाकीत येते, म्हणजे दुसरं भोक. गाडी उलटली तर त्या वाटेनं पेट्रोल सांडू नये म्हणून तिथेही एक व्हॉल्व्ह असतो. एवढं सगळं ती बापडी मुकाट्यानं करत असताना आपण सकाळी उठून तिचं तोंड उघडायचं आणि म्हणायचं, घे बाई श्वास.

“पण स्फोटाचं काय?” दुसऱ्या मजल्यावरून प्रश्न आला.

टाकीत स्फोट होत नाही याचं कारण आमच्या गॅरेजवाल्यानं मला समजावलंय, आणि ते पत्रिकेसारखं आहे. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे गुण जुळावे लागतात. हवेत वाफ साधारण दीड टक्क्याच्या खाली असली तर पेटत नाही, आणि साडेसात टक्क्यांच्या वर गेली तरी पेटत नाही. टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की हवेला तिथे उभं राहायला जागा नसते. पत्रिका जुळत नाही, लग्न मोडतं. नुसत्या उन्हानं ती पेटायची तर अडीचशे अंशांच्या वर जायला हवं, आणि पुणं अजून तिथवर पोचलेलं नाही. आता झाकण काढा. तोंडाशी वाफ पातळ होते, हवा मिसळते, आणि कुठेतरी वीतभर अंतरावर छत्तीस गुण जुळतात. मग फक्त मंगलाष्टक म्हणणारा हवा. तो आमच्याकडे साडेसातला पंप लावतो. थंडीत हे होत नाही असंही नाही. पेट्रोलची पेटण्याजोगी वाफ शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत तयार होत असते, म्हणजे काश्मीरलासुद्धा सुटका नाही.

गॅरेजवाल्याचं आणखी एक वाक्य सांगतो. “साहेब, भरलेली टाकी जळते, रिकामी टाकी उडते.” टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ती नुसती ओतून रिकामी करून भागत नाही, आतल्या वाफा काढाव्या लागतात. माहीतगार वेल्डर टाकी धुवून, पाणी भरून, मगच ज्योत जवळ आणतो. ज्यांनी हे केलं नाही अशांच्या गोष्टी त्याच्याकडे दोन-तीन आहेत, आणि तो त्या चहा पिताना सांगतो. तेव्हा ‘अर्धी भरा, म्हणजे सुरक्षित’ हे उलटंच आहे. अर्धी भरली की उरलेल्या अर्ध्यात वाफ राहायला येते.

काकांनी मग हुकमी पान काढलं. “पेट्रोल पंपावर कोपऱ्यात ते उंच उंच पाइप असतात, ते काय हवा खायला?”

खरं सांगतो, प्रश्न चांगला होता. ते पाइप हवा खायलाच असतात, शब्दशः. जमिनीखालच्या टाक्यांचं ते दुसरं भोक. टँकर वरून पेट्रोल ओततो तेव्हा आतली वाफ त्यांतून निघते, गाड्यांत पेट्रोल जातं तेव्हा हवा त्यांतून शिरते. पण ते जमिनीपासून किमान चार मीटर उंच नेतात, मोकळ्या हवेत, आणि तोंडाला बारीक तारेची जाळी लावतात, म्हणजे बाहेर ठिणगी पडली तरी ज्योत आत शिरत नाही. हंफ्री डेव्हीनं १८१५ साली खाणकामगारांचा दिवा केला तो याच युक्तीवर. हे सगळं पेट्रोलियमच्या नियमांत लिहिलंय आणि ते नियम राबवणाऱ्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या संघटनेचं मुख्यालय आहे नागपूरला.

“नागपूरला?” काका म्हणाले. पुण्यातल्या टाक्यांचं नागपूरनं ठरवायचं, ही गोष्ट सभेला स्फोटापेक्षा जास्त लागली. इतिवृत्तात तसा उल्लेख आहे.

मग मी त्यांची समजूत पुण्याच्याच पुराव्यानं घालायचं ठरवलं. वेताळ टेकडीवर पहाटे फिरायला जाणारे पुणेकर ज्या कुंपणाशेजारून जातात ते एआरएआयचं कुंपण, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६. निम्म्या पुण्याला ती टेकडीच ‘एआरएआयची टेकडी’ म्हणून माहीत आहे, पण आत काय चालतं हे विचारलं तर लोक “गाड्यांचं काहीतरी” म्हणतात. त्या काहीतरीत एक चाचणी अशी आहे. गाडी एका हवाबंद खोलीत ढकलायची, दार लावायचं, आणि ती नुसती उभी असताना तिच्या अंगातून किती वाफ निघते ते मोजायचं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्या खोलीला ‘शेड’ म्हणतात. नाव ऐकून पत्र्याची वाटते, पण आतली वाफ फटीतूनही सुटायची सोय नाही. टाकीतलं पेट्रोल दिवसाच्या उन्हात तापावं तसं तापवतात, इंजिन पळवून गरम झालेली गाडी पुन्हा आत कोंडतात. भारत स्टेजच्या निकषांनी या सगळ्याला मर्यादा घालून दिली ती एका चाचणीला २ ग्रॅमची. दोन ग्रॅम! लक्ष्मी रोडवर दोन ग्रॅमची अंगठी दाखवायला सांगितली तर सराफ आधी तुमच्या तोंडाकडे बघतो.

तेवढ्याशा वाफेचा एवढा बाऊ का, याची गोष्ट मला फार आवडते. लॉस एंजेलिसमध्ये डोळे चुरचुरवणारं पिवळट धुकं पडायचं. तिथल्या कॅल्टेकमध्ये एरी हागेन-स्मिट नावाचे मूळचे डच रसायनशास्त्रज्ञ अननसाचा वास कशानं येतो ते शोधत होते. त्यांनी तीच उपकरणं बाहेरच्या हवेला लावली आणि १९५० च्या सुमारास दाखवून दिलं की गाड्यांचा धूर आणि उडून जाणारी पेट्रोलची वाफ यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळ्यांना झोंबणारं ते धुकंही त्याच प्रक्रियेतून बनतं. अननस सोडून माणूस पेट्रोलकडे वळला आणि कॅलिफोर्नियात १९७० च्या मॉडेलपासून गाड्यांची वाफ कोंडून धरणं सक्तीचं झालं. तिथून निघालेली ती कोळशाची डबी आता काकांच्या गाडीत बसलीय, आणि काका रोज सकाळी सव्वासातला तिच्या मेहनतीवर पाणी टाकतायत.

सभेत प्रश्न आला, मग आपण करायचं काय? काहीच करायचं नाही, मी म्हटलं. हे उत्तर पुण्यात कुणाला पटत नाही. तेव्हा थोडं कर्तव्य दिलं. पेट्रोल भरताना नळी ‘खट्’ करून आपोआप थांबली की थांबायचं. ती खट् म्हणजे पानातलं ‘पुरे’ असतं. ते ऐकून न ऐकल्यासारखं करून “राउंड फिगर करा हो” म्हणत आणखी शंभर रुपयांचं कोंबलं की पेट्रोल नळीतून थेट त्या कोळशाच्या डबीत जातं, कोळसा भिजतो आणि डबी कामातून जाते. पस्तीस लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापलं तर पाऊण लिटरच्या आतबाहेर फुगतं, त्या फुगण्याची जागा वर सोडलेली असते, ती आपण राउंड फिगरला विकतो. आणि उन्हातून आल्यावर झाकण उघडायची वेळ आलीच, तर इंजिन बंद करून, मोकळ्या जागेत, झाकण अर्धा फेरा फिरवून फुस्स होऊ द्यायचं आणि मग काढायचं. एकदम उपटलं तर पेट्रोलचा फवारा शर्टावर येतो.

ठराव मंजूर झाला. काकांनी विरोधात मत दिलं आणि तशी नोंद करून घेतली.

पण गोष्ट इथे संपली नाही, कारण त्या सकाळी माझ्या धावपळीत अकरा झाकणं अकरा टपांवर तशीच राहिली होती. नऊ जणांना आठवलं. एकानं कर्वे रस्त्यापर्यंत नेऊन सुखरूप परत आणलं. अकरावी गाडी काकांची. ते नातवाला क्लासला सोडून आले तेव्हा टपावर झाकण नव्हतं. नळ स्टॉपपासून घरापर्यंत ते डोळे जमिनीला लावून चालत आले, दोन वेळा. रुपयाचं नाणं सापडलं.

काका हार मानणारे नाहीत. त्यांनी दुधाची रिकामी पिशवी धुवून, वाळवून, टाकीच्या तोंडावर ताणून बसवली आणि वर तीन रबर गुंडाळले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजता वॉचमन माझ्या दाराशी आला.

“साहेब, काकांच्या गाडीला गळू आलंय.”

खाली गेलो. गाडी उन्हात होती आणि पिशवी तेलात टाकलेल्या पुरीसारखी टम्म फुगली होती. काका शेजारी छत्री धरून उभे. गाडीवर, स्वतःवर नव्हे. आईसुद्धा गॅलरीतून बघत होती. तिचं वय आता सत्याऐंशी, कानांना कमी येतं, पण टाक्यांच्या बाबतीत नजर अजून तयार आहे. “टाचणी लावू नका म्हणावं,” ती वरून ओरडली.

मी आजूबाजूला कुणी बिडी ओढत नाही ना ते बघितलं आणि रबर एकेक करून सैल केले. फुस्स झालं. काका म्हणाले, “बघा. गॅस होताच.”

संध्याकाळी आम्ही दोघं रिक्षा करून नाना पेठेत गेलो. गाडीच्या सुट्या भागांसाठी पुण्यात दुसरीकडे जायचं नसतं. एवढ्याशा गल्लीत आख्खी गाडी खिळ्याला टांगलेली असते, फक्त जोडायची बाकी. चौथ्या दुकानात मॉडेल सांगितलं. दुकानदारानं मागे न बघता हात वर करून दोन झाकणं काढली आणि काउंटरवर आपटली. दोन्ही काळी, दोन्ही गोल, दोन्ही सारखीच.

“हवेचं देऊ का बिनहवेचं?” तो म्हणाला.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाकणं उलटीपालटी करून पाहिली, दिव्यासमोर धरून पाहिली. कालच्या सभेत मी चाळीस मिनिटं बोललो होतो.

मग खिशातून फोन काढला आणि आईला लावला.